माझ्यामागं म्हणा

दीपमाला तायडेला नाही म्हणता येत नाही, असं मुळीच नाही. ती म्हणते, पण समोरच्याचं बोलून झाल्यावर. लहानपणापासून तिची हीच रीत. अडचण एवढीच, की काही माणसांचं बोलणं संपतच नाही, आणि तिच्या वाट्याला नेमकी तीच माणसं आली. मी भावना, तिची शाळेपासूनची मैत्रीण. अमरावतीत राजापेठेत माझे दहावीचे क्लासेस आहेत. पोरांवर ओरडून ओरडून माझा घसा बसलाय आणि स्वभाव बिघडलाय. त्यामुळं पुढचं सगळं मी चिडूनच सांगणार आहे, ज्याला गोड बोलणं हवं त्यानं दुसरीकडं जावं.

दीपमालाचे आजोबा श्रावण तायडे मोर्शीकडचे. छप्पन सालच्या दीक्षेला ते नागपूरला गेले आणि परत आले ते सरळ घरातल्या देव्हाऱ्यापाशी. सगळे देव टोपलीत घातले आणि वर्धा नदीत सोडून दिले. त्यांच्या आईनं रडून गाव गोळा केलं, पण म्हातारा (तेव्हा तरणाच होता) हलला नाही. त्या घरात त्यानंतर एकाही मूर्तीपुढं कोणी वाकलं नाही. हे सांगून ठेवते, कारण पुढं एक सूटवाला माणूस हजारो लोकांसमोर भलतंच सांगणार आहे.

दीपमालाचे वडील लवकर गेले. आई इंदूबाई मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. बाई कमी बोलायची आणि पोळ्या मात्र चळतीनं लाटायची. दर पौर्णिमेला त्या आम्हां दोघींना पांढरे फ्रॉक घालून विहारात न्यायच्या. भंते पुढं बसून त्रिसरण-पंचशील म्हणायचे आणि आम्ही हात जोडून, डोळे मिटून त्यांच्यामागं म्हणायचो. पालीतलं अक्षर कळत नसे. तरी शब्द चुकला की इंदूमावशीची टपली डोक्यात बसायची. लग्न असो, बारसं असो, नवं घर असो, पुढचा म्हणणार आणि आपण मागं म्हणणार. कोणी वडीलधाऱ्यानं हात जोडून 'म्हणा' म्हटलं की आमच्या तोंडातून शब्द आपोआप निघतात. अर्थाचं नंतर बघू.

बारावीनंतर ती नर्सिंगला अकोल्याला गेली. तिथं तिला जयवंता सिस्टर भेटल्या. त्या मराठी ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून अकोल्यातल्या. वॉर्डात वाघीण आणि घरी गेलं की खायला घालून जीव घेणाऱ्या. नाताळात दीपमाला त्यांच्यासोबत चर्चला जायची. छोटंसं चर्च, एक बाजाची पेटी, मराठी गाणी, आणि शेवटी कागदात बांधलेला केक. मीही एकदा गेले होते. 'सिस्टर, तुम्ही मले कधी ख्रिस्ती हो म्हटलं नाई', असं दीपमालानं एकदा विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, 'तुह्या घरी बुद्ध हाय, माह्या घरी येशू हाय. तो सात नंबरचा म्हातारा मघापासून पानी मांगून राहिला, त्याले पानी दे आधी.' तेव्हा माझा राग कोणाच्या धर्मावर आहे, असं कोणी समजू नये. माझा राग माणसांवर आहे.

पुढं ती इंग्लंडला गेली. एका गावाबाहेर म्हाताऱ्यांचं एक खासगी निवासगृह होतं, तिथं सेवेचं काम. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची. काम तिला आवडायचं. निवासगृहाची मालकीण डॉरीन नावाची बाई होती. परदेशातून आलेल्या पोरींचा व्हिसा मालकाच्या सहीवर चालतो. मालकानं सही केली तर राहा, नाही केली तर बॅग भरा. ही गोष्ट डॉरीन कधी बोलून दाखवत नसे. तिला गरजच नव्हती.

डॉरीन एका मोठ्या चर्चची मोठी भक्त. वर्षातून एकदा त्यांचा तीन दिवसांचा मेळावा भरायचा. 'आमच्याबरोबर चल, तुला बरं वाटेल', असं ती दीपमालाला म्हणाली. दीपमाला खुशीनं गेली. तिच्या डोक्यात जयवंता सिस्टरचं चर्च होतं. पेटी असेल, गाणी असतील, परदेशातल्या त्या एकट्या रविवारी चार माणसांत बसता येईल, एवढाच तिचा विचार.

तिनं मला नंतर फोनवर सांगितलं ते ऐकूनच माझी जेवणावरची वासना गेली. विमानं उतरतील एवढा हॉल. भिंतीएवढे पडदे, त्यांवर ढग आणि वीज. स्टेजवर धूर सोडायची यंत्रं. नाटक कंपनीवाले सोडतात तो धूर, देवाच्या नावानं. पुढं सोफे, तिथं कोट-टायवाले. मागं प्लास्टिकच्या खुर्च्या, तिथं दीपमालासारखे. बाहेर टी-शर्ट, पाण्याच्या बाटल्या आणि मेळावा घेणाऱ्या पास्टरचा फोटो छापलेले कप विकायला. पास्टर आला तो सूट घालून पळत आला, घामानं डबडबलेला, आणि येता येताच ओरडायला लागला. आमच्या शंकरपटात बैलांना हाकलताना लोक ओरडतात, तसंच काहीसं, असं दीपमाला म्हणाली. माणसं लोळत होती, हसत होती, कोणी भुंकल्यासारखा आवाज काढत होतं. तिच्या शेजारची गोरी म्हातारी ओकली आणि तोंड पुसून पुन्हा नाचायला लागली. दीपमालानं नर्सच्या सवयीनं तिला खाली बसवलं तर ती हिलाच ओरडली.

मग एकदम दिवे मंद झाले. वाद्यं थांबली. पास्टर हळू आवाजात म्हणाला, 'हात जोडा. डोळे मिटा. माझ्यामागं म्हणा.'

आता सांगा, वऱ्हाडातली बौद्ध पोरगी काय करेल? तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि म्हटलं. तो एक वाक्य म्हणायचा, ती एक वाक्य म्हणायची. तेवढ्या गोंगाटानंतर ती शांतता आणि ते मागं म्हणणं. तिला पौर्णिमा आठवली, इंदूमावशीची टपली आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. मी पापी आहे, मी अंधारात होते, माझं जुनं सगळं मी सोडते, आजपासून मी तुझी. इंग्रजीत होतं, तिला समजत होतं, पण म्हणताना कुठं कोण समजून घेतं! तिनं डोळे उघडले तेव्हा एक स्वयंसेविका तिच्या मनगटावर पिवळी पट्टी बांधत होती. आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते. डॉरीन तिला मिठी मारून रडली. दीपमालाला वाटलं, पाहुणी म्हणून करत असतील.

गाडीत कळलं. डॉरीन गाडी चालवता चालवता म्हणाली, की तू वाचलीस, येशूची झालीस, आणि उद्या शेवटच्या दिवशी तू स्टेजवर साक्ष देणार आहेस. काय बोलायचं तेही तिनंच सांगितलं. मी भारतातून आले. मी दगडांपुढं वाकत होते. मी अशा जातीत जन्मले जिला कोणी शिवत नाही. मी माणूस आहे, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा कळलं.

कोणी सांगितलं नव्हतं म्हणे! श्रावण तायडेच्या नातीला! त्या डॉरीनची आई पाळण्यात होती तेव्हा आमच्या घरच्यांनी दगड नदीत सोडले होते. मी फोनवर एवढी ओरडले की क्लासमधली पोरं बाहेर येऊन बघायला लागली. 'सांग ना तिले, आमी बौद्ध हाओत म्हणून! काहून चूप बसली?' दीपमाला म्हणाली, 'सांगलं व. तिचं बोलणं झाल्यावर सांगलं. मंग ती म्हणे, ते सारं उद्या स्टेजवर सांग. अन् म्हणे, माझा तुझ्यावर लई विश्वास हाय, पुढच्या महिन्यात तुझी सही करायची हाय.'

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टेजवर गेली. ठरवून गेली, की खरं तेच सांगायचं. नीट सांगितलं की माणसं समजून घेतात, यावर तिचा तेव्हा विश्वास होता. हे सगळं मी व्हिडिओत पाहिलंय, कारण त्या लोकांनी तो मोठ्या कौतुकानं इंटरनेटवर टाकला. ती माइकमध्ये बारीक आवाजात म्हणते, की माझ्या आजोबांनी पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी बुद्धाचा धम्म घेतला. आमच्या घरी देव नाहीत. एवढं ऐकलं आणि पास्टरनं तिच्या हातातून माइक ओढून घेतला. 'देव नाही! ऐकलंत? तिच्या घरी देव नाही!' सगळा हॉल हळहळला. बायका छाती धरून रडायला लागल्या. खरं बोलणाऱ्या पोरीचं खरं बोलणं त्या माणसानं तिच्याच समोर उलटं करून विकलं, आणि ती नुसती बघत उभी. ते बघताना मला किळस आली. आजही येते.

मग त्यानं तिच्या कपाळावर तळवा ठेवला. तिथली रीत अशी, की त्याचा हात लागला की देवाची शक्ती येते आणि माणूस मागं कोसळतो. झेलायला मागं दोन धटिंगण हात पसरून उभेच असतात. त्यानं ढकललं. दीपमाला उभी. पुन्हा ढकललं, जरा जोरात. ती उभीच. वाद्यं वाढली. धटिंगण एकमेकांकडं बघायला लागले. मग पास्टर वाकला, माइक खाली केला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. व्हिडिओत ऐकू येत नाही. तिनं मला सांगितलं. तो म्हणाला, 'खाली पड, बाई. सगळे बघताहेत.' त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता. पहिल्या रांगेत डॉरीन बसली होती, हसू पुसून.

दीपमाला पडली.

मुद्दाम पडली. हिशेब करून, सही डोळ्यांपुढं ठेवून पडली. त्यांनी झेललं, पण पुरतं नाही. मग तिच्या अंगावर एक जांभळं फडकं टाकलं, मढ्यावर टाकतात तसं. त्या गालिच्याला हजार पायांचा वास होता. फडक्याच्या फटीतून तिला पास्टरचे बूट दिसत होते आणि त्याच्यामागं कॅमेऱ्यावाला, जो खुणेनं सांगत होता, तिला अजून थोडं पडून राहू द्या. वरती हजारो माणसं टाळ्या पिटत होती. 'मले वाटलं, उठून त्याच्या बुटावर थुंकावं', ती मला म्हणाली. थुंकली नाही. पडून राहिली.

डॉरीनला चटक लागली. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या मेळाव्यात हिनं स्टेजवर यावं आणि पडावं, असं तिचं म्हणणं. दीपमालानं तिचं सगळं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग नाही म्हणाली. पुढच्या महिन्यात करायची ती सही डॉरीननं केलीच नाही. म्हणजे ज्या सहीसाठी पडली, तीही गेली. तेल गेलं, तूप गेलं. ती परत आली, अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्यात लागली, आणि दर रविवारी आईकडं अमरावतीला यायला लागली.

इथं कोणाला काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, संपलं. पण किळस परदेशातच असते असं थोडंच आहे! आपल्याकडंही ती घरोघर शिजते.

दीपमालाचा मामेभाऊ अनुप. महापालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचे डोहाळे लागलेला. हा दिवसभर पानटपरीवर आणि उरलेला वेळ फोनवर. त्याला तो व्हिडिओ सापडला. त्यानं तो कापला. पास्टर ढकलतो, दीपमाला उभी. पुन्हा ढकलतो, दीपमाला उभी. तिथं काप. खाली गाणं लावलं आणि सोडून दिला. दोन दिवसांत चांदूर बाजारपासून अकोल्यापर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर तीच. 'इंग्लंडच्या पाद्र्यानं जोर लावला, पण भीमाची लेक पडली नाही!'

इंदूमावशीकडं साधा फोन. त्यांना तो व्हिडिओ शेजारपाजारच्यांनी दाखवला, पुन्हा पुन्हा दाखवला. 'मावशी, तुमची पोरगी पडली नाई', असं येणारा-जाणारा म्हणायचा आणि मावशी नुसती मान हलवायच्या. पण त्या रोज नव्यानं कुंचा मारून अंगण स्वच्छ ठेवायला लागल्या, येणाऱ्यांना चहा करायला लागल्या. एवढा मान त्या बाईला उभ्या जन्मात कोणी दिला नव्हता.

मी अनुपला राजापेठेतच गाठलं. 'अर्धाच काहून दाखवला रे?' तो हसला. 'भावनाताई, पडल्याचं कोणाले पाह्याचं हाय? लोकायले उभं असलेलं पाहिजे.' वर म्हणाला, 'सत्कार ठेवला हाय रविवारी. दहा वाजता. तुमी या.' चौकात फ्लेक्स लागला. त्यात दीपमाला एका कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी, आणि अनुप मधोमध, काळा चष्मा घालून. खाली पंचवीस कार्यकर्त्यांचे चेहरे, ज्यांतल्या निम्म्यांना ती कुठल्या देशात गेली होती हेही माहीत नव्हतं. मी गाडी थांबवून तो वाचला आणि रस्त्यावरच थुंकले. शिक्षिकेनं थुंकू नये, पण थुंकले.

शनिवारी दीपमाला माझ्याकडं आली. चहा तसाच गार झाला. 'भावना, मायले काय सांगू? ती लोकायले चहा पाजून राहिली माह्या नावानं. खरं सांगलं त तिचं तोंड कसं पाहू? अन् नाई सांगलं त मंग तिथंही त्या पास्टरच्या मनाचं केलं, अन् इथंही या अनुपच्या मनाचं.' खरं सांगून टाक, असं म्हणणं सोपं होतं. आई माझी नव्हती.

रविवारी सकाळी हॉल भरला. अनुपनं आपली माणसं आणली होती. स्टेजवर धूर नव्हता, पण मोठे स्पीकर होते, शाली होत्या, नारळ होते, आणि एक ढोल होता जो विनाकारण वाजत होता. इंदूमावशी पहिल्या रांगेत, पांढरी साडी नेसून, पदर नीट सावरून. पडद्यावर कापलेला व्हिडिओ लागला. ढकललं, उभी. ढकललं, उभी. शिट्ट्या, टाळ्या. माझ्यामागच्या रांगेतला एक जण वेफर्स खात खात म्हणाला, 'काय पोट्टी हाय रे!' मला त्याच्या तोंडात ते पाकीट कोंबावंसं वाटलं.

अनुपनं दीपमालाला शाल घातली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, आणि आशीर्वाद देतो! मग माइक घेतला. 'आता ताई बोलनार हाय. मी सांगतो, ताई, तू माह्या मांगं म्हन. आन सगळ्यांनी म्हना. पडलो नाई! पडनार नाई!' हॉलनं म्हटलं. 'पडलो नाई! पडनार नाई!' अनुपनं माइक तिच्या तोंडापुढं धरला. 'म्हन, ताई.'

दीपमालानं हात जोडले नाहीत. तिनं माइक त्याच्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतला आणि आईकडं बघत बोलली.

'मी पडली होती. त्यानं दोनदा ढकललं, तवा उभी होती. मंग तो कानात बोलला अन् मी पडली. देवानं पाडली नाई, शक्तीनं पाडली नाई. माही नोकरी जाईन म्हनून मी माह्या मनानं पडली. व्हिडिओत ते कापलं हाय. मी काई वाघीण नाई. मले हा सत्कार नको.'

ढोलवाल्याचा हात थांबला. इंदूमावशी खाली मान घालून पदराचं टोक बघत होत्या, आणि त्यांच्या शेजारची बाई, जी आठवडाभर त्यांच्याकडं चहा प्याली होती, ती हळूच दुसरीकडं सरकून बसली. मला तेव्हा दीपमालाकडं बघवेना.

पण अनुप काही कच्चा नव्हता. त्यानं माइक परत ओढला. 'ऐकलं? ऐकलं तुमी? ताईले पाडलं त्यायनं! आपल्या ताईले पाडलं! आता आपन त्यायले पाडल्याशिवाय राहनार नाई!' आणि हॉल पेटला. टाळ्या, घोषणा, ढोल पुन्हा सुरू. कापलेल्या व्हिडिओपेक्षा हे जास्त चाललं. अनुपचा चेहरा घामानं आणि आनंदानं चमकत होता. इंग्लंडचा तो पास्टर आणि आमचा अनुप, दोघांची भेट घालून दिली तर एकमेकांच्या पाया पडतील.

दीपमालानं शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून खाली आली. तिच्या मागं फोनवाले धावत होते. कोणी विचारत होतं, 'ताई, तो कानात काय बोलला?' कोणी विचारत होतं, 'ताई, पहिल्या धक्क्याले पडली का दुसऱ्या?' ती कोणाकडं न बघता आईपुढं येऊन उभी राहिली.

इंदूमावशी उठल्या. त्यांनी त्या सगळ्या गोंधळात लेकीचा डावा हात धरला, कोपर चाचपून पाहिलं, मग डोक्याची मागची बाजू. पोळ्या लाटून जाड झालेली त्यांची बोटं तिच्या केसांत हळूहळू फिरत होती.

'लागलं काय व, तुले?'